अस्तरामागचा आवाज

बोगद्याजवळची खोली
११ जानेवारी

प्रिय ठोकळ्या,

मावशीचं पत्र आलंय. त्यात माझी चौकशी एका ओळीत आणि तुझी पानभर. जेवतो का, झोपतो का, प्रबंध कधी संपणार, आणि घरी चार ओळी खरडायला याच्या हाताला काय झालंय. मी कळवून टाकलं, की काँक्रीटचे ठोकळे फोडून फोडून तुझा मुलगा स्वतःच ठोकळा झालाय, बाकी प्रकृती उत्तम.

मी इथे रुळले. पूर्वी या बोगद्यातून रेल्वे जायची तेव्हा सिग्नलवाला राहायचा, ती खोली मला मिळाली आहे. एक खिडकी, एक खाट, आणि खिडकीतून थेट बोगद्याचं तोंड. दुसरं तोंड केव्हाच दरडीने बुजलंय, त्यामुळे आत शिरायला आणि बाहेर पडायला वाट एकच. जीप आली की किराणा आणि टपाल येतं. फोन करायचा तर खालच्या गावात जावं लागतं. गेल्या आठवड्यात रस्त्याच्या कामाची माणसंही येऊन पडली आहेत. बोगदा मोटारींसाठी उघडायचा, पलीकडची दरड काढायची, आतून रंग द्यायचा. मुकादम मला ‘पाकोळीबाई’ म्हणतो. मला आवडलं, म्हणून काही बोलले नाही.

पाकोळ्या, म्हणजे माझी ही लहान वटवाघळं, व्यायच्या बेतात आहेत. हजारो पिल्लं एकाच वेळी ओरडत असताना आईला आपलं पिल्लू आवाजावरून कसं सापडतं, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. पण त्याला हा एकच हंगाम आहे. बोगदा उघडला की पाकोळ्या गेल्या, आणि हंगाम हुकला तर माझी मुदत गेली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी हे मला निघताना हसत हसत सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली.

आता कामाचं. पाकोळ्या नेहमी बोगद्याच्या मधल्या भागात लटकतात, तिथे ऊब असते. या आठवड्यात त्या सगळ्या तोंडाकडे सरकल्या. इथे गार वारा आहे, उजेड आहे, माणसं आहेत. बाळंतपणाला आलेली बाई उबेची खोली सोडून ओसरीवर येऊन बसेल का? गेल्या उन्हाळ्यात तू हातोडी घेऊन हा सगळा बोगदा ठोकून काढला होतास. या जागेचा पत्ता मला तुझ्याच तोंडून लागला. मधल्या भागात तुला काही वेगळं जाणवलं होतं का? पाणी, फट, काहीही?

तुझी ताई

*

१७ जानेवारी

ताई,

आईला पत्र टाकलं. दोन पानं. आता माझं नाव काढू नकोस.

तुझ्या पाकोळ्यांचं मला कळत नाही, पण बोगद्याचं कळतं. तो ठणठणीत आहे. आतून जे काँक्रीटचं अस्तर आहे, ते मी हाताला फोड येईपर्यंत ठोकलं. भरीव असेल तर आवाज खणखणीत येतो, मागे पोकळी असेल तर बद्द येतो. तो आवाज यंत्राने मोजून अस्तराची तब्येत सांगता येते, हाच माझा प्रबंध, आणि चौथं प्रकरण म्हणजे तुझा बोगदा. सरांनी रस्ते खात्याला जो अहवाल दिला तो याच मोजणीवर. त्या अहवालामुळे तुझा मुकादम तिथे आलाय. तेव्हा त्याच्या रंगाच्या डब्यांचं पाप माझ्याकडे येतं.

मधल्या भागात काही बद्द जागा होत्या, पण थोड्या. सरांच्या मते चालण्यासारख्या. आम्ही तसं लिहिलंही आहे.

महिन्याभरात प्रबंध सादर होईल. सर खूश आहेत. परवा त्यांनी स्वतः चहा मागवला आणि मला आधी दिला. प्रयोगशाळेत आजवर असं झालेलं नाही.

पाकोळ्यांना हवापालट हवा असेल. बायकांना लागतात डोहाळे.

तुझा ठोकळ्या

ता. क. मधल्या भागात बसतेस तेव्हा डोक्यावर काही पडतं का? वाळू, कच वगैरे? सहज विचारतोय. पडत असेल तर जागा बदलून बस.

*

२९ जानेवारी

ठोकळ्या,

डोहाळ्यांवरची तुझी माहिती मी मावशीला कळवते आहे.

पिल्लं यायला लागली. तोंडाशी माणसांची वर्दळ वाढली म्हणून बऱ्याच आया मधला भाग ओलांडून पार पलीकडे जाऊन व्यायल्या, तेव्हा मी मधल्या भागातच बसते. गुलाबी, उघडी, शेंगदाण्याएवढी. आई उडून जाते तेव्हा पिल्लं एकमेकांना चिकटून भिंतीवर राहतात, आणि ती परत आली की नुसता गलका. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही, फार वरच्या पट्टीचा असतो. माझं यंत्र तो खाली आणतं आणि कानात सोडतं. पहिल्या दिवशी मी तो गलका ऐकला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. मग दिवसभर ऐकला आणि डोकं धरून बसले.

कच पडते, हो. केसात येते. पण मी तुला लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पिल्लांच्या आवाजांच्या मधे मधे एक खट् येतो. कोरडा, एकटा, अंड्याचं कवच टिचल्यासारखा. पाकोळीचा आवाज नाही, तो वर चढतो आणि उतरतो. हा चढत नाही, उतरत नाही, नुसता होतो. आधी वाटलं वायर सैल आहे. वायर बदलली. यंत्र बाहेर झाडाखाली नेलं तर आवाज नाही. तोंडाशी क्वचित. मधल्या भागात भरपूर, आणि माइक भिंतीकडे वळवला की जास्त.

माझ्या सगळ्या टेपा यामुळे खराब होताहेत. हा आवाज पिल्लाच्या हाकेवर येऊन बसतो आणि हाक मोजता येत नाही. तुला यंत्रांतलं कळतं. सोबत एक टेप पाठवते. ऐक आणि हे काय आहे ते सांग. आणि घालवायचं कसं तेही.

ताई

*

७ फेब्रुवारी

ताई,

टेप मिळाली. तुझ्या यंत्राचाच दोष असावा. असे आवाज एका ठरावीक पट्टीच्या वर असतात. तुमच्या प्रयोगशाळेत गाळणी असेल, तिच्यातून टेप पुन्हा उतरवून घे, म्हणजे ते गळून जातील आणि तुझे आवाज राहतील.

दुसरं असं, की आईला बरं नाही. फार नाही, पण तुझी आठवण काढते. चार-आठ दिवस घरी जाऊन आलीस तर बरं होईल. जमलं तर लगेच नीघ.

ठोकळ्या

*

१९ फेब्रुवारी

ठोकळ्या,

मी खालच्या गावात जाऊन घरी फोन केला. फोन मावशीनेच उचलला. ती गच्चीवर गाद्या वाळत घालून आली होती, त्यामुळे जरा धापा टाकत होती. तेवढाच तिचा आजार. मी काही बोलले नाही, उगाच घाबरली असती. पण तू स्वतःच्या आईला आजारी पाडून मला इथून हलवू पाहतोस, याचा अर्थ मला कळायला हवा.

तुझ्या सांगण्याप्रमाणे टेपा प्रयोगशाळेत नेल्या. गाळल्या. निघाल्या स्वच्छ. बाई म्हणाल्या, इतकं चांगलं ध्वनिमुद्रण विभागात आजवर झालेलं नाही. तू भेटला नाहीस, पण तिथे तुझ्या खोलीतला तो लांबट मुलगा भेटला, पुलांवर काम करणारा. त्याने सहज विचारलं, “ताई, तुमच्या टेपेचं काय झालं? हा आणि सर दार लावून ऐकत बसले होते. बाहेर आला तेव्हा याचा चेहरा पांढरा पडला होता.”

यंत्राच्या दोषाने कुणाचा चेहरा पांढरा पडत नाही.

आपण लहानपणापासून एकमेकांना फसवत आलो, पण ते खेळात. मी त्या भिंतीखाली रोज बसते. आणि एकटी मीच नाही. थंडी वाढली म्हणून मुकादमाने माणसांचे बिछाने बोगद्याच्या आत घेतलेत. आत वारा लागत नाही म्हणतात. सुट्टीच्या दिवशी ते तिथेच पत्ते खेळतात.

सरळ विचारते, सरळ सांग. तो खट् कशाचा आहे?

ताई

*

२४ फेब्रुवारी

ताई,

तो काँक्रीट तडकण्याचा आवाज आहे.

मी रोज तुळया मोडतो. मोडण्याआधी खूप वेळ त्या आतल्या आत टिचत असतात. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. आमच्याकडे एक जुनं यंत्र आहे, ते कुणी वापरत नाही, त्याने तो आवाज पकडता येतो. तुझी टेप लावली आणि मोडत्या तुळईची टेप लावली. डोळे मिटले तर कुठली कुणाची सांगता येणार नाही.

माझी हातोडी आहे ती पोकळी सांगते. उद्या होणारी भेग तिला कळत नाही. मी ठोकलं तेव्हा अस्तर बरं असेलही. मग पावसाळा गेला, मागचा डोंगर भिजला, वाळला, आणि आता त्याचं ओझं अस्तरावर येत असेल. तुझ्या पाकोळ्यांना हा आवाज आपल्यासारखा लपलेला नाही. त्यांना तो सारखा ऐकू येत असणार. डोक्याशी कुणी बोटं मोडत बसलं तर तूही खोली बदलली असतीस.

सरांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, दोनदा. मग म्हणाले, वटवाघळांच्या टेपेवर मी सरकारी काम थांबवू? त्यांचं सगळंच चूक नव्हतं. ते म्हणाले, एक टेप म्हणजे पुरावा नव्हे, यंत्र आपलं नाही, माइक कुठे होता माहीत नाही, आणि तुझ्या हातोडीचे आकडे समोर आहेत. प्रबंध सादर कर, मग उन्हाळ्यात आपण जाऊन सावकाश मोजू. मी मान हलवली. त्यांच्या खोलीतून बाहेर आलो आणि तुला ते पत्र लिहिलं. आईला आजारी पाडणं त्यातल्या त्यात सोपं वाटलं.

आत माणसं झोपतात हे मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रात ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण गेलेलं नाही.

आता ऐक. तू आत जाऊ नकोस. मला फक्त न गाळलेल्या मूळ टेपा पाठव, सगळ्या, तारखांसकट. आवाज वाढत गेलाय का ते त्यांवरून दाखवता येईल. आणि एक गोष्ट लक्षात ठेव. खट् दाट झाले तर वाईटच, पण कधी कधी तुळई मोडण्याच्या आधी एकदम गप्प होते. का, ते कुणाला नीट माहीत नाही. आम्ही त्या वेळी मागे सरतो.

ठोकळ्या

*

२८ फेब्रुवारी

ठोकळ्या,

मूळ टेपा नाहीत. विभागाकडे टेपा मोजक्याच, म्हणून गाळून उतरवून घेतल्यावर मी जुन्या पुसल्या आणि त्यांवर पुन्हा मुद्रण केलं. तुझ्या सांगण्यावरून. तुला मी पाठवलेली एकच उरली आहे.

म्हणून काल आणि आज आत गेले. ओरडू नकोस, जाऊन आले आणि लिहिते आहे. मधल्या भागात, जुन्या जागीच माइक ठेवला, तोंड भिंतीकडे. टेप जीपवाल्याच्या हाती देते आहे. जानेवारीत एका खट् नंतर दुसऱ्याची वाट बघावी लागायची. आता लागत नाही.

मुकादमाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाकोळीबाई, मला वरून कागद आहे की बोगदा मजबूत. माणसं बाहेर थंडीत काढायची तर तसा दुसरा कागद आणा.

त्याच्याजवळचा कागद तुझा आहे. दुसराही तुलाच लिहावा लागेल.

ताई

*

५ मार्च

ताई,

लिहिला.

आधी सरांकडे गेलो. दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावल्या. ते म्हणाले, तुझ्या मोजणीत फरक आहे असं तू लिहिलंस, तर चौथं प्रकरण जातं, आणि चौथं गेलं की बाकीची तीन नुसती प्रस्तावना आहेत. हे मला माहीत होतं. म्हणालो, तुम्ही सही करा, नाहीतर मी एकट्याने करतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, “तू एकट्याने कर.”

रस्ते खात्याच्या कचेरीत तीन टेबलं फिरलो. चौथ्या टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, म्हणजे पहिला अहवाल चुकीचा होता असं तुम्हीच म्हणताय? हो म्हटलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि आत गेल्या. मी वेड्यासारखा त्या खुर्चीचे पाय बघत बसलो. शेवटी पंधरवडाभर काम थांबवायचा हुकूम निघाला. तोवर खात्याची माणसं येऊन पाहतील. हुकूम जीपने येतोय, या पत्राच्या आधीच पोचेल.

प्रबंध मागे घेतला. आईला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

ठोकळ्या

*

१२ मार्च

ठोकळ्या,

हुकूम पोचला. मुकादमाने तो मोठ्याने वाचून दाखवला, मग बिछाने, चुली, पत्ते सगळं बाहेर आलं. माणसं माझ्याकडे बघतही नाहीत. काम बंद म्हणजे त्यांचा रोज बंद. मी पाण्याला गेले की बोलणं थांबतं.

तू हुकूम नीट वाचला होतास का? त्यात लिहिलंय, कोणीही आत जाऊ नये. कोणीही म्हणजे मीसुद्धा. तोंडाला दोरी बांधली आहे. पिल्लं आता पंख उघडायला लागली आहेत, हेच दिवस मला हवे होते, आणि मी दोरीबाहेर खुर्ची टाकून बसले आहे. तोंडाजवळच्या थोड्या पाकोळ्यांचं मुद्रण होतं, पण तेवढ्याने प्रबंध होत नाही. बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की दुसऱ्या विषयातल्या माणसाच्या शंकेवर तू आपला हंगाम घालवते आहेस याची तुला कल्पना असावी.

मला कल्पना आहे. पण पाच-सहा दिवस झाले, आत काही पडलेलं नाही. खडासुद्धा नाही. बोगदा शांत उभा आहे आणि माणसं मला शिव्या देताहेत. तुला खात्री आहे ना?

ताई

*

१६ मार्च

ताई,

नाही. खात्री नाही.

टेपेवरून मी एवढंच सांगू शकतो, की ते टिचतंय आणि टिचणं वाढतंय. पडेल कधी, आज, की दहा वर्षांनी, ते मला सांगता येत नाही. विभागात लोक मला बघून पंख फडफडल्यासारखे हात हलवतात. सर बोलत नाहीत. खात्याची माणसं अजून निघालेली नाहीत, आणि मुदत संपली की हुकूम आपोआप उठतो. तेव्हा मुकादमाला आत जायला कुणी अडवू शकणार नाही.

मी उद्याच्या गाडीने निघतो आहे. हे पत्र आधी पोचेल की मी, माहीत नाही. तू दोरीबाहेरच राहा.

ठोकळ्या

*

३० मार्च

ठोकळ्या,

तू आलास तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं, आणि मी दोन दिवस धड बोललेही नाही. तू काही विचारलं नाहीस, शेजारी बसून राहिलास. परत गेल्यावर लिहिलंस, ‘जमेल तेव्हा सांग.’ आज जमेल असं वाटतं.

दुपार होती. हुकूम उठायला एक दिवस राहिला होता. मुकादमाचं रंग फवारायचं यंत्र आत राहिलं होतं, ते उद्या लागणार म्हणून तो दोरी ओलांडून गेला. मी हाक मारली. त्याने मागे न बघता हात हलवला, आलोच, असा. मग वारा आला. आवाज नंतर आला, आधी वारा आला, बोगद्याने श्वास सोडावा तसा, आणि त्याच्याबरोबर पाकोळ्यांचा लोट, भर उन्हात. मग धूळ.

मधलं अस्तर आलं होतं, मागच्या मातीसकट. मुकादम ढिगाच्या पलीकडे होता. त्याचा आवाज येत होता. तो कुणाला बोलावत नव्हता, नुसता मोजत असल्यासारखा आमच्यातल्या एकेकाचं नाव घेत होता, कोण कोण बाहेर आहे ते बघायला.

त्याची माणसं हातांनीच उकरायला लागली. थांबा म्हणणं शक्य नव्हतं आणि उकरू देणंही शक्य नव्हतं, कारण उरलेलं अस्तर त्यांच्या डोक्यावर होतं. मी यंत्र घेतलं आणि दोरीखालून गेले. कानात काय होतं ते तुला कसं सांगू? ढिगाच्या अलीकडे आया, पलीकडे पिल्लं, सगळी एकाच वेळी. दोन महिने मी त्याच हाका ऐकल्या होत्या, म्हणून त्यांच्यामधून खट् वेगळा करता आला. गाळणी लावली असती तर तोच आधी गेला असता.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की मी हात वर केला तर सगळ्यांनी बाहेर पळायचं, खाली केला तर उकरायचं. जे पंधरवडाभर माझ्याशी बोलत नव्हते, त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. खट् दाट झाले, हात वर. विरळ झाले, हात खाली. असं किती वेळा झालं ते मला आठवत नाही. शेवटी वरच्या बाजूला एक भोक पडलं आणि त्यातून मुकादमाचं डोकं, मग खांदे आले. पाय अडकला होता.

आणि खट् थांबले. एकदम. पाकोळ्या ओरडत होत्या, पण तो आवाज नाही. दोघं-तिघं माझ्याकडे बघून हसले, कारण माझा चेहरा काहीतरी ऐकल्यासारखा नव्हता, ऐकू येईनासं झाल्यासारखा होता. त्यांना वाटलं, झालं, थांबलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तुझं पत्र आठवलं.

मी ओरडले, “सोडा त्याला, बाहेर या.”

कुणी सोडलं नाही. ज्याने हात धरला होता तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिघांनी मिळून एकच हिसका दिला. मुकादम ज्या आवाजात किंचाळला तो मला यंत्राशिवायही जन्मभर ऐकू येईल. त्याला ओढत आम्ही पळालो. तोंडाशी पोचलो आणि मागे उरलेलं सगळं खाली आलं.

माणसं सगळी बाहेर आहेत. मुकादमाचं पाऊल गेलं. पलीकडची पिल्लं गेली. त्यांच्या आया दोन दिवस तोंडाशी घिरट्या घालत होत्या. मी ते मुद्रित केलं नाही. माझा विषय तोच होता, हे मला माहीत आहे, तरी केलं नाही.

मी ‘सोडा त्याला’ म्हणाले होते. त्यांनी सोडलं असतं तर? हा प्रश्न मी तुलाच विचारू शकते, म्हणून विचारते. उत्तर नको.

ताई

*

१५ एप्रिल

ताई,

उत्तर देत नाही. एवढंच लिहितो, की तू ओरडली नसतीस तर ते त्याला हळूहळू, जपून काढत बसले असते.

चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, पाच माणसं. मला विचारलं, टेप सरांना ऐकवली होती का? मी सरांकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांनी मला शिकवलं, ताई. माझी पहिली तुळई चुकीची मोडली तेव्हा ते रागावले नाहीत, बाही वर करून माझ्याबरोबर तुकडे उचलायला बसले होते. मी गप्प राहिलो, तर तेच उठले. म्हणाले, “त्याने ऐकवली होती. दोनदा. मला ती नको होती, म्हणून मला ती पटली नाही.” आणि खाली बसले.

मला पुन्हा नोंदणी करावी लागेल. विषय नवा, टिचण्याचा आवाज. सर म्हणाले, दुसरा मार्गदर्शक शोध. मी विचारलं, का? ते म्हणाले, तुझ्या प्रबंधावर माझं नाव आता तुला जड जाईल. मी अजून काही ठरवलेलं नाही. मनातून त्यांचा राग गेलेला नाही, आणि त्यांच्याशिवाय काम करायचं म्हटलं तर सुचत नाही. दोन्ही खरं आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे अजून तीन वर्षं तू जेवायला वेळेवर येणार नाहीस. बास, एवढंच.

तुझं काय ठरलं?

ठोकळ्या

*

४ मे

ठोकळ्या,

बाई स्वतः येऊन गेल्या. तोंडाजवळ उरलेल्या पाकोळ्या बघितल्या, उभ्या उभ्या बराच वेळ. माझ्या हंगामाबद्दल बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, मुदतवाढीचा अर्ज लिही, मी सही करते, मिळेल की नाही सांगता येत नाही. मी खोली सोडली. पाकोळ्याही पिल्लांना घेऊन एकेक करून गेल्या. कुठे, ते शोधायला आता डोंगर पालथा घालावा लागेल. अर्ज मंजूर झाला तर घालीन.

येताना खालच्या गावातल्या दवाखान्यात मुकादमाला भेटले. खाटेवर बसून तो खिडकीबाहेर बघत होता. माणसं दुसऱ्या कामावर लागली, एवढं सांगितलं. मी म्हटलं, मी त्यांना तुम्हाला सोडा म्हणाले होते. तो म्हणाला, ऐकलं होतं मी.

मग त्याने विचारलं, त्या दिवशी तुम्ही कानात काय ऐकत होता? टेप त्या वेळी चालूच राहिली होती. माझ्या पिशवीत होती. मी ती लावली आणि हेडफोन त्याच्या कानांना लावले. पाकोळ्यांच्या गलक्याला त्याने तोंड वाकडं केलं. खट् सुरू झाले तेव्हा मी बोट वर करून दाखवलं, हा, हा, हा. त्याला ते ओळखता यायला लागले, आणि तो माझ्या बोटाच्या आधी मान हलवू लागला. मग ते थांबले. तो वाट बघत राहिला.

“आता तर काहीच नाही,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “तेव्हाच मी ओरडले.”

हेडफोन परत घ्यायला मी हात पुढे केला, पण त्याने ते कानांवरून काढले नाहीत. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले आणि टेप संपेपर्यंत ऐकत बसला.

ताई